पुदिन्याला घरात फुलं येईनात? या चुका टाळा

आधी एक समजून घ्या, पुदिना मोठ्या दिवसाचं झाड आहे, उजेडाचे तास भरपूर मिळाले तरच कळी धरतं. आपल्या सोलापुरात ऊन कितीही पोळू दे, २१ जूनला सुद्धा दिवस १३ तासांच्या जरासाच वर जातो, म्हणून इथं कुंडीत पुदिना नुसता माजतो आणि लोक खताला शिव्या घालत बसतात. घरात फुलवायचाय ना, मग दिवा रोज १६ तास, ८ तास अंधार. आज लावला, उद्या विसरलो, असं चालत नाही.

पण माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते शेंडे खुडणाऱ्यांवर. जुळे सोलापूरला आमची मावसबहीण राहते, तिनं सगळं नीट केलेलं, बॅटन म्हणजे लांब पट्टीसारखा एलईडी दिवा लावलेला, टायमर लावलेला, आणि दर रविवारी फोन, "दादा, फुलं कधी येणार?" शेवटी गेलो बघायला. बसलो तर पुदिन्याचा चहा आला. म्हटलं पुदिना कुठला गं, तर म्हणे "कुंडीतलाच की, रोज ताजा तोडते." जाऊन बघतो तर एक फांदी धड नाही, प्रत्येक शेंडा कात्रीनं साफ आणि खाली दोन दोन कोवळे फुटवे. तुरा धरतो तो फांदीच्या वरच्या भागात, आणि ही बाई तोच रोज पिऊन टाकायली! दोन कुंड्या कर म्हटलं, एक चहाची, एक फुलांची, दुसरीला हात लावायचा नाही. नंतर आले फिकट जांभळे तुरे. मग तिची नवी तक्रार, पानांची चव गेली. जाणारच, फुलं धरली की पान निबर होतं, चटणीचं काम पहिल्या कुंडीनं करायचं.

दुसरी चूक लांबचा दिवा. छताच्या ट्यूबवर भागवायचं आणि वर विचारायचं काड्या लांबुळक्या का झाल्या. साधी २० वॅटची पांढरी एलईडी बॅटन घ्या, ६५०० के (म्हणजे केल्विन, उजेडाच्या रंगाचा आकडा) लिहिलेली, शेंड्यापासून वीतभर वर टांगा आणि झाड वाढेल तशी वर सरकवा. बिलाला घाबरू नका, १६ तास चालवली तरी महिन्याला दहा युनिटच्या आत बसतं. झाडांसाठी मिळणारे जांभळे लाइट चालतात, पण त्या उजेडात पान पिवळं पडलंय का हिरवं आहे तेच कळत नाही, मला तरी नको.

काट्याचा टायमर लाइट गेली की थांबतो आणि मागं पडतो, आपल्याकडं लाइट जातेच, तेव्हा आत सेल असलेला डिजिटल घ्या.

युरिया घालून फुलं मागू नका, पाला मिळेल.

बी पेरत बसू नका. बाजारातल्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवा, मुळं फुटली की लावा.

बोअरचं पाणी रोज घालून मातीवर पांढरा थर आलाय आणि पानांच्या कडा करपल्यात, तर क्षार साठलेत. एकदा भरपूर गोडं पाणी ओतून खालून वाहू द्या. आणि घरात ऊन नसतं, माती लवकर वाळत नाही, बोट घालून बघितल्याशिवाय पाणी नाही.

एप्रिल-मे मध्ये पानांवर बारीक पांढरे ठिपके आणि खाली जाळी दिसली तर ती लाल कोळी नावाची बारीक कीड आहे, कोरड्या हवेत फार वाढते. मी पानांच्या खालून पाण्याचा फवारा मारतो, दोन-तीन दिवसाआड, औषध नाही, शेवटी खायचंच झाड आहे. तुरे वाळले की दोन बोटं ठेवून सगळं कापायचं, परत फुटतं.