छोट्या हत्तीवर वडापाव मांडण्याआधी
जुन्या छोट्या हत्तीची (टाटा एस टेम्पोची) खाऊगाडी करताय? फॅब्रिकेटरकडे जाण्याआधी वजनाचा हिशोब मांडा. १०० लिटर पाणी म्हणजे थेट १०० किलो. त्यात स्टीलचा ओटा, १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर (भरलेला उचलून बघा, जवळजवळ दुप्पट भरतो) आणि आत उभी दोन माणसं. पाण्याची टाकी खाली, मागच्या चाकांच्या जवळ ठेवा. उंचावर ठेवली तर वळणावर गाडी झुलते.

एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर तळाशी साचतो, म्हणून जाळीची झरोकं फरशीलगतच हवीत. वरचा पंखा फक्त धूर ओढतो, आणि नेमकं इथेच बहुतेकजण चुकतात.

बॉडी बदलायला आरटीओची परवानगी आधी, कटर नंतर. एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणीही लागतेच.