कोलाजच्या ऑर्डरी घेताय? या चुका टाळा

कामं कमी झाली की घाई वाढते, आणि कागदाला घाई सोसत नाही. नवख्यांची बिघडलेली कामं दुरुस्तीला माझ्याकडे येतात, तेव्हा त्याच त्या चुका दिसतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे ग्राहकाचे मूळ कागद थेट चिकटवणं. एका नवख्या मुलीला ग्राहकाच्या आजोबांच्या पत्रांचं कोलाज करायचं होतं. तारीख जवळ आली म्हणून तिने मूळ पत्रांनाच पाणी घालून पातळ केलेला पांढरा गोंद लावला. फाउंटन पेनची शाई पसरली, शेवटच्या पानावरची सही निळ्या डागात विरून गेली. ती धावत आली खरी, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हा गोंद एकदा सुकला की सहजी सुटत नाही. मूळ कागद स्कॅन करा, आम्लमुक्त कागदावर पिगमेंट शाईने छापून घ्या आणि पत्रं परत केल्याची पोच घ्या. डाय शाईचा प्रिंट स्वस्त पडतो, पण उजेडात लवकर उडतो.

मोठ्या तुकड्यांसाठी मी गव्हाच्या स्टार्चची खळच शिजवते. ती ओलाव्याने पुन्हा सोडवता येते. झटपट म्हणून गोंदाची कांडी फिरवणाऱ्यांच्या कडा काही महिन्यांत उचलतात. खालचा बोर्ड वाकतो तो कागद भिजून ग्रेनच्या, म्हणजे त्यातल्या तंतूंच्या, आडव्या दिशेने जास्त फुगतो आणि सुकताना आकसून बोर्डाला ओढतो म्हणून. बोर्डाच्या मागच्या बाजूलाही तसाच कागद, त्याच ग्रेनने चिकटवा.

वर्तमानपत्राची कात्रणं कागदात उरलेल्या लिग्निन या लाकडातल्या घटकामुळे पिवळी पडतातच. पिकासो आणि ब्राक या चित्रकारांच्या १९१२ च्या कोलाजांतलीही पडली आहेत. ग्राहकाला आधी सांगा.

आता पैसे. ‘दिवस वाईट आहेत, ग्राहक बिचकेल, म्हणून अॅडव्हान्स मागत नाही,’ हे ऐकलं की मला खरंच राग येतो. दिवस वाईट आहेत म्हणूनच मागायचा! उद्या ग्राहकाचीच नोकरी गेली, समारंभ पुढे ढकलला गेला, तर कापलेला कागद अखंड होत नाही. अर्धी रक्कम आल्याशिवाय मी ब्लेड उचलत नाही, उरलेली काम पाठवण्याआधी घेते. तुकडे न चिकटवता मांडायचे, फोटो पाठवायचा, लेखी होकार घ्यायचा. किती बदल मोफत आणि काम रद्द झालं तर काय, हेही सुरुवातीलाच लिहून द्यायचं. बजेट कमी असेल तर आकार लहान करा, थर कमी करा. दर पाडू नका. पाडलेला दर पुढच्या कामालाही चिकटतो.

बोथट ब्लेड ताबडतोब बदला. फ्रेमची काच कागदाला टेकू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, ठेवा. मासिकातल्या फोटोवर दुसऱ्याचा हक्क असतो. पैसे घेऊन करायच्या कामात परवानगीशिवाय तो नको.

आणि एकाच कंपनीच्या ठरावीक रंगावर विसंबून काम कबूल करू नका. पुरवठा कधीही थांबतो. फ्रेंच चित्रकार मातीसच्या कात्रणचित्रांचे कागद त्याचे सहायक गवाशने, म्हणजे अपारदर्शक जलरंगाने, रंगवून देत. मीही मुख्य रंग स्वतः रंगवते, लागतील त्याहून जास्त, आणि उरलेले ग्राहकाचं नाव घालून दुरुस्तीसाठी ठेवते.