‘येणं किती?’ या प्रश्नाची क्वेरी करताना

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना आहे. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. डिग्रीनंतर पुण्याला न जाता मी त्यांचं बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळायला लागलो. एक दिवस ते म्हणाले, ‘त्या कॉम्प्युटरला सरळ विचारलं, कुठल्या पार्टीकडून किती येणं आहे, तर सांगंल का ते?’

डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा म्हणजे एसक्यूएल आणि त्या भाषेत लिहिलेला प्रश्न म्हणजे क्वेरी. बोलीतल्या प्रश्नाची क्वेरी करून द्यायच्या या कामाला टेक्स्ट-टू-एसक्यूएल म्हणतात. मी आधी वाचत सुटलो. अशा क्वेऱ्या लिहिणारी एआय मॉडेलं शिकवायला आणि तपासायला प्रश्न आणि त्यांच्या क्वेऱ्यांचे तयार संच असतात. २०१७ चा विकीएसक्यूएल हा संच ८०,००० हून जास्त प्रश्नांचा, पण प्रत्येक प्रश्न एकाच टेबलवरचा. २०१८ मध्ये येल विद्यापीठातून स्पायडर आला: १०,१८१ प्रश्न, २०० डेटाबेस, आणि टेबलं एकमेकांना जोडायची कसरत. २०२३ च्या बर्ड या संचात तर डेटाही खऱ्यासारखा अस्ताव्यस्त. नव्यानं शिकणाऱ्यानं याच क्रमानं जावं. सोपं आधी म्हणून नाही, तर अडचण कुठून कुठं सरकत गेली ते कळतं म्हणून.

मॉडेल मी शून्यापासून शिकवलं नाही, त्याची गरजही नव्हती. तयार मॉडेलला टेबलांची नावं, कॉलमची नावं आणि प्रत्येक कॉलमपुढं एका ओळीत अर्थ लिहून दिला. ‘amt’ म्हणजे जीएसटीसकट की जीएसटी सोडून, हे दिवाणजींना विचारून लिहिलं. त्यांच्याबरोबर बसलेले दोन दिवस मला कुठल्याही कोर्सपेक्षा जास्त उपयोगी पडले.

पहिलं उत्तर आलं तेव्हा मी खूश होतो. क्वेरी चालली, लाल अक्षरांत काही आलं नाही. एका पार्टीची बाकी दिसली ६०,०००. अण्णांनी चष्मा वर केला. ‘काय बे, त्याचं बिलच चाळीसचं हाय. साठ कुठनं आणलास?’

बिल ४०,००० चं होतं आणि पार्टीनं १०,००० चे दोन हप्ते दिले होते. मॉडेलनं बिलांचं टेबल आणि जमा पावत्यांचं टेबल जोडलं. दोन पावत्या, म्हणून तेच बिल दोन ओळींत आलं. बेरीज ८०,०००, वजा २०,०००. खरी बाकी २०,०००. शिवाय ज्यांनी एक रुपयाही दिला नव्हता, त्या पार्ट्या यादीतून गायबच, कारण साध्या जॉइनमध्ये पावती नसलेलं बिल गळून पडतं. म्हणजे सगळ्यात मोठे थकबाकीदारच सुटले! पावत्यांची बिलवार बेरीज आधी वेगळी करून मग लेफ्ट जॉइननं, म्हणजे पावती नसली तरी बिल यादीत ठेवणाऱ्या जोडणीनं जोडली, तेव्हा आकडा जुळला.

म्हणून सांगतो, मशीन लर्निंगच्या आधी दोन-तीन महिने हातानं एसक्यूएल लिहा. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. चुकीची क्वेरी वाचून ओळखता येत नसेल तर मॉडेल तुम्हाला बिनधास्त गंडवेल.

दुसरं, स्वतःची परीक्षा स्वतः तयार करा. मी दिवाणजींचे १२० खरे प्रश्न वहीत उतरवले आणि प्रत्येकाची बरोबर क्वेरी लिहिली. तपासताना क्वेरीचा मजकूर जुळवत बसू नका, एकच उत्तर चार तऱ्हांनी लिहिता येतं. दोन्ही क्वेऱ्या चालवा आणि निकाल ताडून बघा. डेटा थोडा असेल तर चुकीची क्वेरीही योगायोगानं बरोबर उत्तर देते, तेवढं ध्यानात ठेवा.

गावाच्या नावानंही मला फसवलं. जुन्या नोंदींत सोलापूरच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘एस’नंतर ‘एच’ आहे, नव्यात नाही. मॉडेल नवंच स्पेलिंग शोधायचं आणि निम्मा गाव वगळायचं. आता कॉलममधल्या खऱ्या नोंदींचे नमुनेही मी प्रश्नासोबत देतो. आणि मॉडेलला डेटाबेसचं लॉगिन फक्त वाचण्यापुरतं. यात हयगय नको.

सगळ्यात जास्त छळलं ते दिवाळीनं. ‘गेल्या दिवाळीत किती माल गेला?’ या प्रश्नाला मॉडेलनं आख्खा नोव्हेंबर धरला. २०२३ चं लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ चं १ नोव्हेंबरला. दिवाळीचा माल तर त्याआधीच निघून जातो. आता उत्तराच्या वर एक ओळ येते: ‘दिवाळी म्हणजे १ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर २०२४ धरली आहे.’ अण्णा आधी तीच ओळ वाचतात. परवा म्हणाले, ‘सप्टेंबर बी घे, बाहेरगावचा माल तवाच जातो.’