ट्रान्स्फर फीचा आकडा कसा वाचावा : करार आणि वेतन यांचा हिशेब

ट्रान्स्फर विंडो, म्हणजे खेळाडूंना क्लब बदलता येण्याचा ठरावीक काळ, उघडली की मडगावपासून म्हापशापर्यंत फुटबॉलप्रेमींत एकच चर्चा सुरू होते : अमुक खेळाडूसाठी एवढे पैसे का मोजले गेले आणि त्याच्याइतकाच चांगला असलेला दुसरा फुकट कसा काय गेला? खेळाडूचे कौशल्य, वय आणि मागच्या हंगामातील गोल या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. पण आकडा खरा ठरतो तो करारपत्रावर. ट्रान्स्फर फी म्हणजे चालू करार मुदतीआधी सोडून देण्यासाठी जुन्या क्लबला दिलेला मोबदला होय. हे एकदा लक्षात घेतले की पुढील क्रमाने कोणत्याही व्यवहाराचा अंदाज घरबसल्या बांधता येतो.

पहिली पायरी : करार कधी संपतो ते शोधा

बातमीत फीचा आकडा दिसला, तर त्याआधी कराराची शेवटची तारीख पाहावी. करार संपला की जुन्या क्लबला फी मागण्याचा हक्क उरत नाही. पूर्वी युरोपात तसे नव्हते. बेल्जियमच्या लिएज क्लबचा खेळाडू जाँ-मार्क बॉस्मन याचा करार १९९० मध्ये संपला, तरी फीच्या अडवणुकीमुळे त्याला फ्रान्समधील डंकर्क क्लबकडे जाता आले नाही. तो न्यायालयात गेला आणि १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. आजचा सगळा बाजार त्या निकालावर उभा आहे.

फिफाच्या नियमांनुसार कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करू शकतो. मात्र बोलणी सुरू करण्यापूर्वी नव्या क्लबने जुन्या क्लबला लेखी कळवले पाहिजे. समजा, एखाद्याचा करार ३१ मे रोजी संपत आहे. तर डिसेंबर उजाडताच त्याच्या क्लबची सौदा करण्याची ताकद जवळपास संपते, कारण समोरच्याला फक्त थांबायचे असते. म्हणून तीन वर्षे शिल्लक असतील तर विकणारा क्लब आपली किंमत सांगतो, दोन वर्षे असतील तर खरी घासाघीस होते आणि एकच वर्ष उरले असेल तर करार वाढवायचा की विकायचा याचा निर्णय क्लबला त्याच उन्हाळ्यात घ्यावा लागतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण जर्मनीतील आहे. २०१३ मध्ये बायर्न म्युनिकने बोरुसिया डॉर्टमुंडच्या मारिओ गोत्सेसाठी त्याच्या करारातील कलमानुसार ३ कोटी ७० लाख युरो मोजले. त्याच डॉर्टमुंडचा रॉबर्ट लेवांडोव्स्कीही बायर्नला हवा होता आणि त्याच्या कराराचे एकच वर्ष उरले होते. डॉर्टमुंडने त्याला विकण्यास नकार दिला, तो आणखी एक हंगाम खेळला, २० गोल करून बुंडेसलीगाचा (जर्मनीतील अव्वल लीगचा) सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला आणि २०१४ मध्ये एक पैसाही फी न देता बायर्नकडे गेला. डॉर्टमुंडने चूक केली, असे मला वाटत नाही. एका हंगामाची सेवा आणि हातची फी यांची त्यांनी तुलना केली आणि सेवा निवडली. फुकट गेलेला प्रत्येक खेळाडू क्लबच्या गाफीलपणामुळे जातो, असे समजू नये.

दुसरी पायरी : रिलीज क्लॉज आहे का ते पाहा

करारात ठरावीक रकमेचे रिलीज क्लॉज असेल, तर ती रक्कम भरणाऱ्याला विकणारा क्लब अडवू शकत नाही. नेमारसाठी पॅरिस सेंट-जर्मेनने २०१७ मध्ये मोजलेले २२ कोटी २० लाख युरो हे बार्सिलोनाच्या करारात लिहिलेल्या रकमेएवढेच होते.

तिसरी पायरी : फीमध्ये वेतन मिळवून एकूण खर्च काढा

वाचकांची सर्वाधिक फसगत इथे होते, म्हणून थोडे सविस्तर पाहू. विकत घेणारा क्लब फीचा वेगळा विचार करत नाही. पूर्ण मुदतीत खेळाडूवर मिळून किती खर्च येईल, एवढेच तो पाहतो. समजा, एका क्लबने एका विंगरसाठी (कडेने आक्रमण करणाऱ्या खेळाडूसाठी) तीन वर्षांत २ कोटी रुपये खर्चायचे ठरवले आहेत. एजंट आणि साइनिंग बोनस (सही करताना खेळाडूला दिली जाणारी रक्कम) यांचे २० लाख बाजूला काढले आणि खेळाडू वर्षाला ४० लाखांवर राजी झाला, तर वेतनाचे १ कोटी २० लाख होतात व फीसाठी ६० लाख उरतात. त्याच खेळाडूने ५५ लाखांचा आग्रह धरला, तर फीसाठी उरतात फक्त १५ लाख. आणि त्याचा जुना करार संपलेला असेल, तर खर्च तेवढाच ठेवून क्लब त्याला वर्षाला ६० लाख देऊ शकतो. म्हणजे ‘फुकट’ आलेला खेळाडू क्लबला फुकट पडत नाही. जुन्या क्लबला मिळाली असती ती रक्कम खेळाडूच्या खिशात जाते. करार संपत आलेला खेळाडू आपल्याच क्लबशी नव्या सहीला टाळाटाळ का करतो, याचे कारण याच हिशेबात आहे, आणि त्यात गैर काही नाही.

वेतन दुसऱ्या बाजूनेही फी खाली खेचते. खेळाडूचा सध्याचा पगार त्याच्या आजच्या खेळापेक्षा जास्त असेल, तर तेवढा पगार देणारा दुसरा क्लब सापडत नाही आणि पगार कमी करून घ्यायला खेळाडू बांधील नसतो. गॅरेथ बेलसाठी रेआल माद्रिदने २०१३ मध्ये सुमारे १० कोटी युरो दिले होते आणि २०१६ मध्ये त्याचा करार २०२२ पर्यंत वाढवला होता. पुढे तो संघाबाहेर बसू लागला तेव्हा त्याचा पगार पेलणारा ग्राहक मिळाला नाही. मधला एक हंगाम तो टॉटनहॅमकडे लोनवर, म्हणजे करार रेआलशीच ठेवून तात्पुरता खेळायला, गेला आणि २०२२ मध्ये करार संपवून फीशिवाय बाहेर पडला. लोनच्या बातमीत म्हणूनच एक गोष्ट आवर्जून शोधावी : पगाराचा किती वाटा कोणता क्लब देणार आहे.

चौथी पायरी : विकणाऱ्याची हिशेबवही

फी दिली की तो खर्च खातेवहीत कराराच्या वर्षांवर विभागला जातो. वरच्या उदाहरणातील ६० लाख तीन वर्षांवर २० लाखांप्रमाणे पडतात. वर्षभरानंतर खेळाडूची वहीतील किंमत ४० लाख उरते आणि त्याहून कमी किमतीला विकल्यास तोटा दिसतो. अकादमीतून वर आलेल्या खेळाडूची वहीतील किंमत मात्र शून्य असते, त्यामुळे त्याची सगळी फी नफ्यात धरली जाते. घरचाच लाडका खेळाडू आधी का विकला जातो, असा प्रश्न पडला तर हे आठवावे. फी जास्त वर्षांवर पसरवण्यासाठी इंग्लंडच्या चेल्सी क्लबने आठ-साडेआठ वर्षांचे करार केले, तेव्हा २०२३ मध्ये युएफाने (युरोपीय फुटबॉल महासंघाने) या विभागणीवर पाच वर्षांची मर्यादा घातली.

पाचवी पायरी : हाच हिशेब गोव्यात लावा

भारतात मोठी फी अजूनही क्वचितच दिसते, कारण करार छोटे असतात आणि बहुतेक खेळाडू मुदत संपल्यावरच क्लब बदलतात. दवर्लीचा लिस्टन कुलासो २०२१ मध्ये हैदराबाद एफसीकडून एटीके मोहन बागानकडे गेला तेव्हा सुमारे एक कोटी रुपये फीची बातमी झाली. हैदराबादशी त्याचा करार शिल्लक होता म्हणूनच ही रक्कम मागता आली.

सासष्टी-बार्देशातल्या ज्या घरांत मुलाच्या पहिल्या व्यावसायिक कराराचा कागद येतो, त्यांनी मुदत आणि वेतन एकत्र वाचावे. अठरा वर्षांखालील खेळाडूशी तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीचा करार फिफा मान्य करत नाही. मुदत लांब आणि वेतन कमी असेल, तर मुलगा चमकल्यावर सगळा लाभ क्लबला होतो. अशा वेळी दरवर्षी वेतनवाढ आणि झेपेल एवढ्या रकमेचे रिलीज क्लॉज मागावे. मुदत फारच आखूड असेल, तर पहिल्याच मोठ्या दुखापतीत हातात काही राहत नाही. माझ्या मते वाढत्या वेतनाचा दोन-तीन वर्षांचा करार दोन्ही बाजूंना न्याय देतो.

गावच्या क्लबचाही यात वाटा आहे. करार चालू असताना खेळाडू परदेशी क्लबकडे गेला, तर फीमधील ५ टक्के रक्कम त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटली जाते. १२ ते १५ या वयाच्या प्रत्येक हंगामासाठी फीच्या पाव टक्का आणि १६ पासून पुढे अर्धा टक्का. करार संपल्यावर तो गेला तर फी शून्य, आणि शून्याचे पाच टक्केही शून्यच. त्यामुळे मुलाची प्रत्येक हंगामातील नोंदणी वेळच्या वेळी करून तिची प्रत क्लबच्या दप्तरात जपून ठेवावी, कारण हा वाटा मागताना पुरावा म्हणून तीच दाखवावी लागते.