वंशावळ काढताना आत्याला विसरू नका

"घरात कोणाला कॅन्सर होता का?" हा प्रश्न मला २००९ पासून प्रत्येक फॉलोअपला विचारला गेला आणि प्रत्येक वेळी मी "नाही" म्हणाले. अशी बारा वर्षं गेली. लपवायचं काहीच नव्हतं. आईकडे कोणाला नव्हता, वडील हार्ट अटॅकनं गेले, भाऊ ठणठणीत. मला माहीत होतं तेवढं मी सांगत होते.

२०२१ मध्ये एका तरुण डॉक्टरीणबाईंनी माझी जुनी फाईल चाळली. स्तनाचा कॅन्सर, वय ४४, ट्रिपल निगेटिव्ह (म्हणजे गाठीवरच्या दोन हार्मोनच्या आणि हर-टूच्या, अशा तिन्ही तपासण्या निगेटिव्ह आलेला प्रकार). त्यांनी प्रश्नच वेगळा विचारला, "वडिलांना बहिणी होत्या का? त्या कशानं गेल्या?" मी म्हटलं, "एक आत्या होती, पोटात पाणी होऊन गेली." त्यांनी लिहिता लिहिताच विचारलं, "तेव्हा वय काय होतं त्यांचं?"

पन्नाससुद्धा नव्हतं. त्या दिवशी मला जेनेटिक काउन्सेलिंगची चिठ्ठी मिळाली. तुमचे उपचार होऊन पाच वर्षं झाली असतील किंवा पंधरा, घरात कोणाला कॅन्सर होऊन गेला असेल, तर ही चिठ्ठी कशी मागायची आणि मिळाल्यावर काय करायचं ते सांगते. मी डॉक्टर नाही. महसूल खात्यात अव्वल कारकून होते, कराडला राहते. कागदपत्रं कशी जुळवायची तेवढं मला नक्की येतं.

आधी एक भीती काढून टाकू. काउन्सेलिंगला जाणं म्हणजे चाचणी करून घेणं नव्हे. तिथे तासभर बसून घराण्याची माहिती द्यायची असते. चाचणीचा उपयोग आहे का, कोणाची आधी करायची, निकाल आला तर पुढे काय, हे काउन्सेलर समजावतात. सगळं ऐकून "नको" म्हणून घरी आलात तरी कोणी काही म्हणत नाही. आणि प्रत्येकानं धावत सुटायचीही गरज नाही. एकूण कॅन्सरांपैकी फार तर ५ ते १० टक्केच आनुवंशिक असतात. तंबाखूमुळे झालेला तोंडाचा किंवा गर्भाशयाच्या मुखाचा (तो एचपीव्ही विषाणूमुळे होतो) कॅन्सर घरात असेल, तर बहुधा हा लेख तुमच्यासाठी नाही.

मग जायचं कोणी? पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर झालेल्यांनी. कोणत्याही वयात ट्रिपल निगेटिव्ह निघालेल्यांनी. दोन्ही स्तनांना झालेल्यांनी. अंडाशयाचा किंवा स्वादुपिंडाचा झाला असेल, तर वय न बघता. पुरुषाला स्तनाचा झाला असेल तर नक्कीच. मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा पन्नाशीच्या आत झाला असेल, तर लिंच सिंड्रोम नावाचा दुसरा आनुवंशिक प्रकार असू शकतो, त्यांनीही. आणि आईकडच्या किंवा वडिलांकडच्या, एकाच बाजूच्या दोन-तीन जणांना यातलं काही झालं असेल, तर त्या घरातल्यांनी.

आता मुख्य काम, म्हणजे वंशावळ. माझ्या नोकरीत वारसनोंदीच्या, जातपडताळणीच्या शेकडो वंशावळी हाताखालून गेल्या. बहुतेकींचा साचा एकच: खापरपणजोबा, त्यांचे मुलगे, त्यांचे मुलगे. लेकी लग्न होऊन गेल्या की कागदावरूनही गेल्या. काउन्सेलरपुढे ती वंशावळ निरुपयोगी आहे, आणि हे मला, आयुष्य त्यात घालवलेल्या बाईला, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी कळलं. इथे आत्या लागते, आजीच्या बहिणी लागतात, मावसबहीण लागते, लहानपणी गेलेली मुलंही लागतात. तीन पिढ्या, आईकडच्या आणि वडिलांकडच्या, दोन्ही. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: कुठला कॅन्सर, कितव्या वर्षी सापडला, आज हयात आहे की नाही. वय पक्कं आठवत नसेल, तर "धाकट्याचं बारसं झालं त्या साली" असं विचारा. म्हाताऱ्या माणसांना सन आठवत नाही, बारसं आठवतं.

वडिलांची बाजू सोडू नका असं मी पुन्हा सांगते, कारण माझी चूक तीच झाली. स्तनाचा आजार म्हणजे आईकडून आला असेल, असं मी धरून चालले होते. दोषी जनुक बाप आणि आई दोघांकडूनही सारखंच येतं. पुरुषात ते आयुष्यभर गप्प बसू शकतं आणि लेकीत बोलतं. आमच्या वडिलांना कॅन्सर झाला नाही, पण त्यांच्या बहिणीला झाला होता आणि मला झाला. मधला दुवा तेच होते.

विचारताना "कॅन्सर होता का" असं विचारू नका. त्या पिढीत तो शब्द घरात उच्चारतच नसत. चुलतीला आत्याबद्दल विचारलं तर ती म्हणाली, "न्हाई गं, तिला कसला कॅन्सर. पोटात पाणी झालं हुतं. मिरजेला न्हेली, दोनदा पाणी काढलं, परत भरलं." जलोदर, पोटात गोळा, अन्नावरची वासना गेली, वाळत गेली अशा शब्दांकडे कान ठेवा. अंडाशयाच्या कॅन्सरनं पोटात पाणी होतं, तसं ते टीबीनं होतं, लिव्हरनंही होतं, त्यामुळे तेवढ्यावरून ठरत नाही. पण ज्या बाईनं दारूचा थेंब शिवला नाही, ती पन्नाशीच्या आत अशी गेली असेल, तर ते लिहून आणा.

दुसरा घोटाळ्याचा शब्द म्हणजे "पिशवी". "तिची पिशवी काढली", "तिला पिशवीचा झाला". आपल्याकडे गर्भाशयाचं मुख, गर्भाशय आणि अंडाशय या तिन्हींना मिळून एकच पिशवी. काउन्सेलरला मात्र तिन्हींचा अर्थ वेगळा लागतो: मुखाचा असेल तर आनुवंशिकतेचा संशय जवळजवळ नाही, अस्तराचा असेल तर लिंचकडे बघायचं, अंडाशयाचा असेल तर ब्राकाकडे (ज्या जनुकांतल्या दोषानं स्तनाचा आणि अंडाशयाचा धोका वाढतो, ती). तेव्हा शब्दावर न थांबता कागद शोधा. बायोप्सीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, किमान ऑपरेशन कुठे झालं ते. आमच्या आतेभावानं रेशनकार्डाच्या पिशवीतून आत्याचं १९८३ चं पिवळं पडलेलं कार्ड काढलं, त्यावर बॉलपेननं "ओव्हरी" लिहिलेलं वाचता आलं. त्या एका शब्दानं पुढची निम्मी वाट मोकळी केली.

नात्यात लग्नं झाली असतील, मामाची मुलगी केली असेल, तर लाजू नका, सांगा. काउन्सेलरच्या तक्त्यात पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ आणि नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ असते. आमच्या तक्त्यात दोन ठिकाणी दुहेरी रेघ आहे.

जायचं कुठे? सगळ्यात सोपं म्हणजे तुमच्याच कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगा: "मला जेनेटिक काउन्सेलिंगसाठी पाठवा." त्यांनी स्वतःहून सांगायची वाट बघत बसू नका, ओपीडीत त्यांच्यासमोर साठ माणसं असतात. टाटा मेमोरियल सेंटरचा कॅन्सर जेनेटिक्सचा विभाग खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटाच्याच संशोधन केंद्रात आहे. पुण्या-मुंबईच्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत काउन्सेलर असतात आणि बरेच जण व्हिडिओ कॉलवरही बोलतात. मराठीत बोलणारं कोणी आहे का, हे वेळ घेतानाच विचारा. एक गंमत सांगते. आमच्या एका नातेवाइकानं सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर "जनुकीय समुपदेशन केंद्र" असं नोंदणीपत्र वाचलं आणि तिथेच चौकशी केली. ते गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्याखालचं नोंदणीपत्र असतं. त्याचा याच्याशी संबंध नाही.

चाचणी करायची ठरली, तर पहिली सुई कॅन्सर झालेल्या माणसालाच टोचायची. बरे झालेले लोक इथेच मागे सरतात. "मी आता ठीक आहे, माझं कशाला? लेकीचंच करा." उलटं आहे. लेकीत काही सापडलं नाही, तर दोन शक्यता उरतात: घरात दोष आहे पण तिच्यात उतरला नाही, किंवा तो या चाचणीला सापडणारा नाहीच. तुमच्यात नेमका दोष सापडला, तर बाकीच्यांना फक्त तेवढीच एक जागा तपासावी लागते, खर्च पुष्कळ कमी येतो आणि उत्तर स्वच्छ मिळतं. ज्याला झाला तो माणूस गेला असेल, तर रुग्णालयात त्याचे ब्लॉक (गाठीचे मेणात ठेवलेले तुकडे) जपलेले आहेत का, ते विचारा. काही वेळा त्यावरून काम होतं.

रक्त किंवा लाळ घेतात, उपाशीपोटी जायची गरज नाही. मला रिपोर्टला चार आठवडे लागले. दुसऱ्या माणसाचा बोनमॅरो बसवला असेल, तर आधी सांगा, कारण तुमच्या रक्तात आता देणाऱ्याची जनुकं आहेत. आणि गाठीवर केलेली जनुकीय तपासणी वेगळी. औषध ठरवायला ती करतात, ती झाली म्हणजे आनुवंशिकतेची झाली असं समजू नका.

निकाल तीन प्रकारचा येतो. दोष सापडला. सापडला नाही. आणि तिसरा, ज्यावर लोक सगळ्यात जास्त झोप घालवतात: बदल दिसतोय, पण तो घातक आहे की नाही, ते अजून ठरलेलं नाही. त्याला व्हीयूएस म्हणतात. त्याच्या आधारावर कोणी काही काढून टाकायला सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. असे बहुतेक बदल पुढे निरुपद्रवी ठरतात. वर्षा-दोन वर्षांनी काउन्सेलरला विचारत राहायचं, एवढंच.

माझा ब्राका-१ निघाला. हा दोष असलेल्या बायकांमध्ये आयुष्यात स्तनाचा कॅन्सर दहातल्या सहाहून अधिक जणींना होतो, अंडाशयाचा शंभरातल्या साधारण चाळीस ते साठ जणींना. अंडाशयाचा वेळेवर पकडायला भरवशाची तपासणी नाही, म्हणून मूलबाळ झालेल्यांना ब्राका-१ मध्ये पस्तीस ते चाळिशीच्या दरम्यान अंडाशयं आणि बीजवाहिन्या काढायला सांगतात. मी छप्पन्नाव्या वर्षी काढल्या. उशीर झाला होता, पण आत काही निघालं नाही. "बरी झालीस, आता कशाला चिरफाड," असं सांगायला घरी येऊन गेलेल्या बायकांची संख्या मी मोजली होती. अकरा.

मग सगळ्यात अवघड टप्पा, नातेवाइकांना सांगणं. सख्खी भावंडं आणि मुलं यांना प्रत्येकी पन्नास टक्के शक्यता असते. फॅमिली ग्रुपवर टाकू नका, गणपतीला सगळे जमलेत म्हणून आरतीनंतर घोषणा करू नका. एकेकाला फोन करा. काउन्सेलरकडून नातेवाइकांसाठी पत्र मागून घ्या, कारण आपण सांगितलं की "हिला काहीतरी झालंय" असं होतं आणि लेटरहेडवर आलं की लोक वाचतात. अठराच्या आतल्या मुलांची ब्राकाची चाचणी करत नाहीत, त्यामुळे शाळकरी पोरांना यात ओढायचं कारण नाही.

भाऊ म्हणाला, "तो तुम्हा बायकांचा आजार." त्याला सांगितलं, पुरुषालाही प्रोस्टेटचा आणि स्तनाचा धोका वाढतो, आणि तुला दोन मुली आहेत. तो आठ महिन्यांनी चाचणीला गेला. त्याचाही पॉझिटिव्ह आला. वहिनीचं म्हणणं वेगळं होतं: "वन्सं, थोरलीचं जमवायचं चाललंय. लग्न होऊ द्या, मग बघू." मला राग आला नाही असं म्हणणार नाही, पण स्थळं मोडतात हे खोटं नाही. रिपोर्ट कोणाला दाखवायचा, हे ज्याचा रिपोर्ट त्यानं ठरवायचं, काउन्सेलर तो परस्पर कोणाला देत नाहीत, हे मी तिला सांगितलं. विम्याचंही लोक विचारतात. अमेरिकेत २००८ पासून जनुकीय भेदभावाविरुद्ध कायदा आहे, तोही आयुर्विम्याला लागू नाही. आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही. काही जण चाचणीआधी पॉलिसीचं बघून घेतात, त्यात गैर नाही. अर्जात जे विचारलंय, त्याचं मात्र खरं उत्तर द्या.

चुलतबहिणीनं पत्र परत पाठवलं. पाकीट न उघडता. ते मी जपून ठेवलंय, तिचा विचार बदलला तर.

थोरल्या भाचीनं गेल्या महिन्यात स्वतःच फोन केला. सव्वीस वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. दोष असलेल्या मुलींना पंचविशीपासून वर्षातून एकदा स्तनांचा एमआरआय करायला सांगतात, हे तिनं वाचलं होतं. "आत्या, तिकडे जाताना काय काय न्यायचं?" तिला सांगितलं, बाबांच्या किंवा माझ्या रिपोर्टची पूर्ण प्रत ने, नुसतं "ब्राका पॉझिटिव्ह" सांगून भागत नाही. त्यात जनुकाच्या नावापुढे "सी", टिंब आणि मग आकडे असतात, लॅबला तीच जागा शोधायची असते. माझ्या आत्याचं कार्ड ने. तक्ता ने.

शुक्रवारी साडेअकराची वेळ मिळाली आहे. मी सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स काढून ठेवल्यात. खात्याची सवय, एक प्रत हरवतेच.