शेवटचं यान सुटतंय: वही, घड्याळ आणि कानात हेडफोन

19 जुलै 2011, मंगळवार. आदल्याच बुधवारी झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस आणि दादरला स्फोट झाले होते, ऑफिसच्या गेटवर पर्स उघडून बघत होते. साहेबांची परवानगी काढून, डबा पुढ्यात घेऊन मी कॉम्प्युटरसमोर बसले तेव्हा 12 वाजून 58 मिनिटं झाली होती. अटलांटिस हे अमेरिकेचं यान आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकापासून सुटायची हीच वेळ माझ्या वहीत होती. पडद्यावर नुसती नियंत्रण कक्षातली डोकी दिसत होती. यान तासाभरापूर्वीच सुटलं होतं. अटलांटिससारख्या स्पेस शटल यानांच्या तीस वर्षांतली ही शेवटची फेरी, आणि मी भेंडीची भाजी खात रिकामा फलाट बघत होते.

चूक माझीच. नासानं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची वेळ दिली होती, पहाटे 2:28. मी त्यात साडेदहा तास मिळवले. पण उन्हाळ्यात तिकडची घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा साडेनऊच मिळवायचे. तेहेतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढलेली बाई मी! "अहो, तिथे आत्ता मध्यरात्र असेल, सकाळी लावू का कॉल?" असं लोकांना शहाणपण शिकवणारी.

तेव्हा कुणाच्याही स्थानिक वेळेच्या नादी लागू नका. बातमीत यूटीसी, म्हणजे जगभर एकच असलेली प्रमाणवेळ, शोधा, त्यात साडेपाच तास मिळवा. 6:28 चे 11:58. शेजारी वार आणि तारीख लिहा, कारण 18:30 यूटीसीनंतर जे घडतं ते आपल्याकडे दुसऱ्या दिवशी घडतं. आणि दिलेली वेळ म्हणजे लोकल गाडीची वेळ समजा. आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला स्थानकातून परत निघाले तेव्हा, 14 जुलै 2025 ला, आपल्या दुपारचे 4:35 म्हणून सांगितलं होतं, सुटले 4:45 ला. अर्धा तास आधी बसा, वाती वळा, मेथी निवडा.

आता, सुटणं म्हणजे एक क्षण नव्हे. गावाहून आलेले पाहुणे निघतात तसं असतं ते. पिशव्या दाराशी येतात, चपला पायात जातात, मग जिन्यात गप्पा, मग रिक्षाला हात केल्यावर आठवतं की लोणच्याची बरणी आतच राहिली. बहुतेक लोक फक्त रिक्षा सुटताना बघायला येतात. तुम्ही दारापासून बघा.

दार म्हणजे हॅच. ती सुटण्याच्या कितीतरी तास आधी बंद होते. अटलांटिसची 18 तारखेलाच, आपल्या संध्याकाळी आठच्या सुमारास झाली. मी ते भाच्याच्या लॅपटॉपवर पाहिलं, म्हणून माझ्या पदरी अगदीच धोंडा पडला नाही. यानातले चौघं आणि स्थानकातले सहा जण एकमेकांना मिठ्या मारत होते. (चौघंच का, तर यान बिघडलं असतं तर सोडवायला दुसरं शटल उरलंच नव्हतं. रशियाच्या सोयूझमधून एकेकाला आणावं लागलं असतं.) दार लावायच्या आधी त्यांनी एक छोटा अमेरिकी झेंडा स्थानकातच ठेवला. 1981 च्या अगदी पहिल्या शटलमधून गेलेला तो झेंडा. पुन्हा अमेरिकेच्या भूमीवरून माणसं घेऊन जे यान येईल, त्यातल्या लोकांनी तो परत न्यायचा, असं ठरलं. ही झेंड्याची गोष्ट वहीत वेगळ्या पानावर लिहा. मी लिहिली होती.

हॅच लागली की दोन्ही दारांमधल्या जागेत गळती आहे का, ते तपासतात. हे फार कंटाळवाणं. जेवून घ्या.

मग यानाला स्थानकाशी धरून ठेवणारे आकडे उघडतात. शटल इंजिन पेटवून निघत नसे, नाहीतर त्याचा फवारा स्थानकाच्या सौर पंखांवर बसला असता. स्प्रिंगा त्याला हलकेच ढकलत आणि ते मुंगीच्या पावलानं मागे सरके. अर्थात सगळी यानं अशी सुटत नाहीत. जपानचं कोनोतोरी किंवा जुनं मालवाहू ड्रॅगन घ्या. 2020 पर्यंत ती जात, तेव्हा त्यांना स्थानकाचा यांत्रिक हात आधी जागेवरून उचलायचा, मग बराच वेळ धरून ठेवायचा आणि नंतर सोडायचा. अशा यानांच्या दोन वेळा दिलेल्या असतात, एक उचलण्याची आणि एक सोडण्याची. वहीत सोडण्याची लिहा.

अटलांटिस सुटताना स्थानकातल्या रॉन गॅरन यांनी नौदलाच्या रिवाजाप्रमाणे घंटा वाजवली आणि अटलांटिस शेवटचं निघाल्याची वर्दी दिली. हे मी नंतर रेकॉर्डिंगमध्ये ऐकलं. आपण घरातून निघताना "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतो. त्या घंटेत "येते" नव्हतं. ऐकताना मी दोनदा मागे नेऊन ऐकलं.

म्हणून माझा खरा सल्ला असा की बघण्यापेक्षा ऐका. चांगला हेडफोन लावा आणि नासाचं मूळ प्रक्षेपण लावा. आपल्या वाहिन्यांचा आवाज बंद ठेवा, तिथे यान सुटण्याआधी निवेदक सुटलेला असतो. मूळ प्रक्षेपणात माणसं कमी आणि सावकाश बोलतात, एकमेकांचं बोलणं पूर्ण होऊ देतात. तास-दोन तासांत तुम्हाला आवाज ओळखू यायला लागतात.

मध्येच सगळं गप्प होईल. घाबरून रीफ्रेश मारू नका. आवाज आणि चित्र वर फिरणाऱ्या दुसऱ्या उपग्रहांमार्फत येतं, आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाताना खंड पडतो. आमच्या बोर्डावर सुनी लाइन आणि मेलेली लाइन यांतला फरक कानाला कळायचा. सुन्या लाइनीत पलीकडे कुणी बोलत नसलं तरी बारीक खरखर असते, लांबवर कुणी चणे भाजतंय अशी. मेलेल्या लाइनीत काहीच नसतं, स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येतो. इथेही तसंच. खरखर असेल तर थांबा. नसेल तर पडद्यावरचं घड्याळ पाहा. सेकंद पळत असतील तर गप्प झालंय ते अंतराळात. सेकंद थिजले असतील तर गप्प झालाय तुमचा वायफाय.

गच्चीवरून दिसेल का, हे सगळे विचारतात. जुलैत नाही. मुंबईच्या पावसात गच्चीवर जाऊन फक्त शेवाळावर घसराल. ऑक्टोबर ते मे मध्ये आशा ठेवा, तीही पहाटे किंवा तिन्हीसांजेला, जेव्हा आपल्याकडे अंधार असतो आणि 400 किलोमीटर वर ऊन. स्थानक न लुकलुकता, विमानासारखे लालहिरवे दिवे न दाखवता सरळ चालत येतं आणि फार तर पाच-सहा मिनिटं दिसतं. कधी कधी आकाशाच्या मध्यावरच पुसल्यासारखं नाहीसं होतं. ते ढगात गेलेलं नसतं, पृथ्वीच्या सावलीत गेलेलं असतं. यान नुकतंच सुटलेलं असेल तर पुढे किंवा मागे दुसरा, फिकट ठिपका शोधा. शटल मोठं होतं, ते दिसे. कुपीसारखी लहान यानं शहराच्या उजेडात डोळ्याला सापडणं कठीण, दुर्बीण न्या. आमच्या मुलुंड पश्चिमेला एक अडचण आहे: मावळतीकडे डोंगर आहे, त्यामुळे स्थानक डोंगरावर येईपर्यंत दोन मिनिटं गेलेली असतात. वरळी-दादरच्या किनाऱ्यावरच्यांना तो त्रास नाही. आणि गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडून आदल्या दिवशी घ्या. पहाटे पाचला त्यांची बेल वाजवून मी सोसायटीत काय कमावलं ते मलाच ठाऊक.

काही यानं परत येतच नाहीत. युरोपचं शेवटचं मालवाहू यान, जॉर्ज लमेत्र, 14 फेब्रुवारी 2015 ला सुटलं आणि दुसऱ्या दिवशी दक्षिण प्रशांत महासागरावर जळून गेलं. अशा वेळी बघायला काही नसतं. वेळ लिहायची आणि दिवा मालवायचा.

परत येणाऱ्यांसाठी मात्र रजा टाका. 21 जुलै 2011 ला मी अर्धी रजा टाकली, आणि या वेळी यूटीसी! शटल उतरण्याच्या सुमारे तासभर आधी इंजिनं उलट्या दिशेनं पेटवत असे. तिथून पुढे माघार नसे, कारण उतरताना ते इंजिनाविना घसरत येणारं जड ग्लायडरच असे. 9:57 यूटीसी, म्हणजे दुपारी 3:27 ला फ्लोरिडातल्या धावपट्टीवर चाकं टेकली. तिकडे अजून अंधार होता. चाकं टेकली की लोक उठतात. तुम्ही चाकं थांबेपर्यंत बसा, कमांडर क्रिस फर्ग्युसन बोलले ते त्यानंतर.

आणि ते झेंड्याचं पान. अटलांटिसचे पायलट होते डग हर्ली. नऊ वर्षांनी क्रू ड्रॅगन या नव्या अमेरिकी यानाच्या, माणसं घेऊन गेलेल्या पहिल्या फेरीत तेच हर्ली पुन्हा स्थानकात गेले आणि झेंडा घेऊन निघाले. अमेरिकेत 2 ऑगस्ट 2020 ची दुपार होती, आपल्याकडे रात्रीचे 12:18, म्हणजे तारीख 3. लॉकडाऊनमुळे भाचा येऊ शकत नव्हता, तर फोन चालू ठेवून आम्ही दोघं आपापल्या घरी बघत होतो. कुपी छत्र्यांखाली मेक्सिकोच्या आखातात टेकली. मी वहीत तारीख घातली तेव्हा कॅलेंडरकडे लक्ष गेलं. नारळी पौर्णिमा लागली होती.