हायवे ११ वर गाडी घालण्यापूर्वी

कॅनडाच्या सॅस्कॅचेवान प्रांतात नोकरीसाठी नव्याने येणारी आपली मंडळी रेजायना किंवा सॅस्काटून इथे उतरतात, महिन्याभरात जुनी गाडी घेतात आणि पहिल्याच जोडसुट्टीला हायवे ११ वर निघतात. रस्ता सपाट, दुभाजित, वेगमर्यादा ताशी ११० किलोमीटर; खंडाळ्याचा घाट चालवलेल्या माणसाला यात अवघड ते काय, असे वाटणे साहजिक आहे. मलाही सोळा वर्षांपूर्वी तसेच वाटले होते. हा रस्ता खरोखरच सोपा आहे. पण तो सोडून एकदा आजूबाजूच्या खडीच्या रस्त्याला लागलात की आपण नेमके कुठे आहोत हे दुसऱ्याला सांगता येणे ही इथली पहिली विद्या होते, आणि ती या रस्त्याच्या इतिहासातून शिकावी लागते.

आधी मार्ग सांगतो. रेजायनाहून निघून सॅस्काटूनमार्गे प्रिन्स अल्बर्टपर्यंत जाणारा हा रस्ता सुमारे ३९० किलोमीटरचा असून त्यातले सुमारे २६० किलोमीटर रेजायना ते सॅस्काटून या टप्प्यात जातात. लम्सडेनपाशी तो कापेल नदीच्या खोऱ्यात उतरून पुन्हा वर चढतो. आपल्याकडे त्याला कोणी घाट म्हणणार नाही, पण रस्त्यावर बर्फाची काच धरली की त्या उतारावर भल्याभल्यांच्या गाड्या आडव्या होतात. पुढे बेथ्यूनजवळ २०१७ साली सुरू झालेली पोटॅशची खाण आहे. भारत बाहेरून आणतो त्या पोटॅशमध्ये या प्रांताचाही वाटा असतो, त्यामुळे गावाकडच्या उसाला हे खत घातलेल्या माणसाला तिथून जाताना थोडे ओळखीचे वाटते. चेंबरलेनमध्ये मात्र सावध राहा. तिथे हमरस्ता गावातूनच जातो, वेग एकदम निम्म्याहून खाली आणावा लागतो, आणि नव्या माणसाचा पहिला दंड बहुधा अशाच ठिकाणी होतो. डेव्हिडसनला रस्त्यालगत कॉफीच्या किटलीचा प्रचंड पुतळा आहे. हे गाव साधारण मध्यावर असल्याने बहुतेक गाड्या इथे थांबतात, तुम्हीही थांबा आणि टाकी भरून घ्या. पुढच्या केनास्टनमध्ये हिममानवाचा पुतळा उभा आहे. ते गाव स्वतःला हिमवादळांची राजधानी म्हणवते, आणि हे मी गमतीने सांगत नाही.

माझा पहिला हिवाळा होता. केनास्टनच्या पूर्वेला एका ओळखीच्या शेतघरावर जेवायला निघालो होतो. आकाश निळेशार, पण वारा पडलेला बर्फ जमिनीसरशी उडवत होता, आणि खडीच्या रस्त्याची कड दिसेनाशी होऊन गाडी अलगद चरात गेली. फोन लागला, गाडी ओढणाऱ्याने विचारले, ‘कुठे आहेस?’ मी म्हणालो, रस्त्यावर आहे, दोन्ही बाजूंना शेते आहेत. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. शेवटी तासाभराने एक म्हातारा शेतकरी पिकअप घेऊन आला. त्याने मला आत बसवले, हातमोजा काढला आणि काचेवर आतून धरलेल्या दहिवरात नखाने एक चौकोन काढून त्यात उभ्या-आडव्या रेघा मारल्या. ‘हे आधी शीक,’ तो म्हणाला, ‘मग गाडी चालव.’

तो चौकोन म्हणजे इथली जमीनमोजणी. १८७२ च्या डोमिनियन लँड्स कायद्याखाली हा सगळा प्रदेश सहा मैल बाजूच्या चौरसांत मोजला गेला. अशा चौरसाला टाउनशिप म्हणतात. त्याचे एक चौरस मैलाचे, म्हणजे ६४० एकरांचे, ३६ भाग पडतात, त्या प्रत्येकाला सेक्शन म्हणतात, आणि सेक्शनच्या १६० एकरांच्या चतकोराला क्वार्टर. दहा डॉलर भरून, तीन वर्षे राहून आणि कसून हा क्वार्टर वसाहतदाराच्या नावावर होत असे. सेक्शनचे क्रमांक आग्नेय कोपऱ्यातून सुरू होऊन पश्चिमेकडे जातात आणि पुढच्या ओळीत पूर्वेकडे उलटतात, अगदी नांगराचा बैल बांधाला लागून मागे फिरतो तसे. मोजणीतच ६६ फूट रुंदीच्या रस्त्यांची जागा सोडलेली असल्याने उत्तर-दक्षिण रस्ते दर मैलाला आणि पूर्व-पश्चिम रस्ते दर दोन मैलांना येतात. यांनाच लोक ग्रिड म्हणतात. सगळेच ग्रिड बांधले गेले असे नाही, पण देश किलोमीटरवर गेल्याला इतकी वर्षे होऊनही माणसे पत्ता सांगतात तो ‘दोन मैल उत्तरेला, एक मैल पूर्वेला’ असाच.

म्हणून ‘वायव्य १२-२९-२, तिसऱ्याच्या पश्चिमेला’ असे ऐकले की घाबरू नका. बाराव्या सेक्शनचा वायव्य क्वार्टर, अमेरिकेच्या सीमेपासून मोजत आलेली एकोणतिसावी टाउनशिप, आणि तिसऱ्या मेरिडियनपासून पश्चिमेला दुसरी रांग, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या सातबाऱ्यावरच्या गट नंबरासारखेच हे आहे, फक्त त्यात दिशा आणि अंतरही सांगितलेले असते. तिसरा मेरिडियन म्हणजे १०६ अंश पश्चिम रेखांश, आणि हायवे ११ तो डेव्हिडसनजवळच ओलांडतो. एक धोका लक्षात ठेवा: रेखांश उत्तरेकडे जवळ येत जातात, त्यामुळे दर चोवीस मैलांनी मोजणी सावरून घ्यावी लागली आणि त्या रेषेवर सरळ चाललेला ग्रिड अचानक बाजूला सरकतो. रात्री तिथे सरळ गेलात तर थेट शेतात.

खुद्द हायवे ११ मात्र हे चौकोन तिरका कापत जातो, कारण तो मोजणीच्या नव्हे तर रेल्वेच्या मागे गेला. रेजायना ते प्रिन्स अल्बर्ट हा लोहमार्ग १८९० मध्ये पुरा झाला. मधल्या पट्ट्यातली, बांधकामाच्या मोबदल्यात मिळणारी जमीन शेतीला नालायक ठरवून रेल्वेने ती घ्यायचे नाकारले होते. १९०२ मध्ये एका जमीन कंपनीने ती विकत घेऊन वसाहतदारांना विकली, आणि डेव्हिडसन हे नाव त्या कंपनीच्या कर्नल डेव्हिडसनवरून आले. धान्य घोडागाडीतून आणून त्याच दिवशी परतता यावे इतक्या अंतरावर कोठारे आणि त्यांच्याभोवती गावे उभी राहिली. त्याच ‘नालायक’ मातीत जुलैमध्ये रस्त्याकडेला गुडघ्याएवढे हिरवे पीक दिसेल, ते बऱ्याचदा मसूर असते; सॅस्काटूनच्या विद्यापीठात अल स्लिंकार्ड यांनी १९७८ मध्ये ‘लेअर्ड’ हे वाण आणल्यापासून ते इथे रुजले.

या रस्त्याला २००१ मध्ये मेटी लोकांचे पुढारी लुई रिएल यांच्यावरून लुई रिएल ट्रेल हे नाव मिळाले, त्यालाही तोच चौकोन कारण आहे. मेटी म्हणजे इथले मूळ रहिवासी आणि युरोपीय यांच्या मिश्र वंशातले लोक. त्यांची शेते सॅस्कॅचेवान नदीच्या दक्षिण शाखेला लागून लांबट पट्ट्यांची होती, म्हणजे प्रत्येकाला पाण्यापर्यंत वाट मिळे. ओढ्याकाठची वाटणी पाहिलेल्या मराठी माणसाला यातले शहाणपण समजवावे लागणार नाही. सरकारी चौकोन त्या पट्ट्यांवर पडणार ही भीती आणि पट्ट्यांची मालकी मान्य होण्यातली दिरंगाई ही रिएल यांच्या नेतृत्वाखाली मेटींनी सरकारविरुद्ध केलेल्या १८८५ च्या उठावाची मोठी कारणे होती. २६ मार्चला डक लेकला चकमक झाली, ९ ते १२ मे या काळात बटोशला मेटींचा पराभव झाला, आणि १६ नोव्हेंबरला रिएल यांना रेजायनामध्ये फाशी दिले गेले. हा रस्ता त्या फाशीच्या शहराला त्या रणभूमीच्या परिसराशी जोडतो. बटोशला उन्हाळ्यात एक दिवस काढून जा.

आता व्यवहाराचे. छोट्या गावात नोकरी मिळाली असेल तर गाडीशिवाय निभावणार नाही, कारण १९४६ पासून चाललेली सरकारी बससेवा ३१ मे २०१७ रोजी बंद झाली. हिवाळ्यात निघण्याआधी हायवे हॉटलाइनवर रस्त्याची स्थिती पाहा, टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका, आणि कडक थंडीच्या रात्री ब्लॉक हीटरची, म्हणजे इंजिन विजेवर गरम ठेवणाऱ्या उपकरणाची, वायर लावून ठेवा. गाडीत फावडे, घोंगडी, मेणबत्ती, काडेपेटी आणि पत्र्याचा डबा ठेवा. गाडी अडकली तर ती सोडून चालत निघू नका. इंजिन लावण्यापूर्वी धुराड्याच्या तोंडावरचा बर्फ काढा, नाहीतर विषारी धूर आत येतो. संध्याकाळी हरणांकडे आणि कापणीच्या दिवसांत रस्ताभर रुंद यंत्रांकडे लक्ष असू द्या. समोरून येणारा माणूस स्टिअरिंगवरून एक बोट उचलेल, तो नमस्कार आहे; तुम्हीही बोट उचला.

आणि ग्रिडवरच्या कोणाकडे जेवायला निघालात तर घरधन्याकडून क्वार्टर, सेक्शन, टाउनशिप, रांग आणि मेरिडियन विचारून कागदावर लिहून घ्या. माझ्या गाडीच्या सन-व्हायझरमागे अशा अकरा चिठ्ठ्या आहेत. सर्वांत जुनीवरची शाई उडाली आहे, पण तो पत्ता आता मला पाठ आहे.